गोळ्या बंद करायच्या, की खुबा बदलायचा?

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिका कोल्हापूरच्या, वय ३७. पती ४२ वर्षांचे, शिरोली एमआयडीसीत मशीनशॉपमध्ये लेथवर उभ्याने काम करतात. अडीच वर्षांपूर्वी त्यांच्या तोंडावर आणि पायांवर सूज आली, लघवीतून प्रथिनं जात असल्याचं निघालं. निदान झालं नेफ्रोटिक सिंड्रोमचं. किडनीच्या डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केलं: रोज ६० मिलिग्रॅम, आठ आठवडे, मग हळूहळू कमी. सूज उतरली. वर्षभराने आजार उलटला आणि तोच कोर्स पुन्हा करावा लागला. सध्या रोज १० मिलिग्रॅम चालू आहे. गेले सात महिने उजवा गुडघा आणि जांघ दुखते. गुडघ्याचा एक्सरे नॉर्मल आला, म्हणून तेल, पट्टा आणि दुखीच्या गोळ्या असं चाललं. अखेर एमआरआय केला, त्यात दोन्ही खुब्यांमध्ये एव्हीएन, म्हणजे रक्तावाचून हाड मरणं, निघालं. उजवीकडे दुसरी पायरी, डावीकडे पहिली. डावा अजून दुखत नाही. हाडांचे एक डॉक्टर म्हणतात ड्रिल करू, दुसरे म्हणतात थांबू, पुढे सांधा बदलावा लागेल. दीर म्हणतात आत्ताच बदला, कटकट मिटेल. पती चिडलेत, आठवडाभर गोळी एक दिवसाआड घेतायत. सासूबाईंना सुरुवातीला गावठी औषध द्यायचं होतं, लेखिकेने हट्टाने दवाखाना केला. आता रोज ऐकावं लागतं, ‘तुझ्या हट्टानं माझं पोरगं लंगडं झालं.’ त्या विचारतात: गोळ्या बंद करू का? ऑपरेशन कोणतं? आणि मीच त्यांना हे विष घ्यायला लावलं, ही बोच जात नाही, तिचं काय करू?

ताई, आधी गोळीचं बोलू. बाकी सगळ्याला थोडा वेळ आहे, याला नाही. छापून येईपर्यंत थांबणं बरं नव्हतं म्हणून हा भाग तुम्हाला आधीच कळवला होता. पण गोळ्या अर्धवट सोडून बसलेले आणखीही वाचक असणार, त्यांच्यासाठी पुन्हा लिहिते.

दोन्ही किडन्यांच्या माथ्यावर अ‍ॅड्रिनल नावाच्या लहान ग्रंथी असतात. त्या रोज कॉर्टिसोल तयार करतात. रक्तदाब टिकणं, रक्तातली साखर टिकणं, आजारपणात तग धरणं, हे सगळं त्यावर चालतं. प्रेडनिसोलोन त्याच जातीचं औषध आहे. ते बाहेरून महिनोन्‌महिने मिळत राहिलं की ग्रंथी आपलं काम सोडून देतात. मग गोळी अचानक थांबवली तर बाहेरचंही नाही आणि घरचंही नाही अशी अवस्था होते. गळून जाणं, मळमळ, उलट्या, चक्कर, रक्तदाब उतरणं. त्यात ताप किंवा जुलाब लागले तर जिवावर बेतू शकतं. म्हणून तीन-चार आठवड्यांहून जास्त काळ ही गोळी घेतलेल्या माणसाने ती मनाने बंद करायची नसते. ती उतरवायची असते, पायरी पायरीने, डॉक्टर सांगतील त्या गतीने. काही रुग्णांना डॉक्टर स्वतः एक दिवसाआड डोस देतात हे खरं. पण तो डोस हिशेब करून ठरवलेला असतो. तुमच्या मिस्टरांनी रागाच्या भरात ठरवलेला एक दिवसाआड वेगळा.

शिवाय तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते: गोळी बंद झाली की खुबा सुधारेल, निदान बिघडायचा तरी थांबेल. असं होत नाही. का होत नाही ते समजलं की पुढचे निर्णय सोपे जातील, म्हणून जरा सविस्तर सांगते.

खुब्याचा सांधा म्हणजे मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा गोल चेंडू आणि कमरेच्या हाडातली वाटी. या चेंडूला रक्त मिळतं ते मुख्यतः खालून. मांडीतल्या धमनीच्या बारीक फांद्या हाडाच्या मानेला चिकटून वर चढतात आणि चेंडूत शिरतात. दुसरा भरवशाचा रस्ता मोठ्या माणसात जवळजवळ नसतोच. पाटाच्या टेलला, म्हणजे अगदी शेवटाला, ज्याचं रान आहे त्याला विचारा. पाणी सुटलं तरी आपल्या उसापर्यंत पोचेल याची त्याला खात्री नसते, आणि वर कुणी मध्येच दारं मोडून पाणी वळवलं तर पहिला वाळतो तो त्याचाच ऊस. खुब्याचा चेंडू असा टेलला आहे.

आता स्टेरॉइड तिथे काय करतं? हाडाच्या पोटात मज्जा असते, तिच्यात चरबीच्या पेशी असतात. मोठ्या डोसात या पेशी फुगतात आणि वाढतात. हाड फुगू शकत नाही, त्याच्या भिंती कडक. त्यामुळे आतला दाब वाढतो आणि पातळ भिंतींच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. चरबीचे सूक्ष्म थेंब बारीक वाहिन्यांत अडकू शकतात. रक्त गोठण्याकडे कल वाढतो. वाहिन्यांच्या आतलं अस्तर दुखावतं. हाडाच्या पेशींवर औषधाचा थेट मारा होतो तो वेगळाच, आणि ज्या मूळ पेशींनी नवं हाड बनवायचं त्या चरबी बनवायला लागतात. यातलं कुठलं कारण कुणात किती, यावर अजून अभ्यास चालू आहे, पण शेवट एकच. चेंडूचा एक तुकडा रक्तावाचून मरतो. एव्हीएन म्हणतात ते हेच.

हे घडतं कधी? बहुतेकदा मोठ्या डोसाच्या सुरुवातीच्या काही महिन्यांतच. एमआरआय तेव्हा केला तर त्यात दिसूही शकतं. दुखणं मात्र सहा महिन्यांनी, वर्षाने, कधी दोन-तीन वर्षांनी सुरू होतं. तुमच्या मिस्टरांचा हिशेब करून पाहा. ६० मिलिग्रॅम गुणिले ५६ दिवस म्हणजे ३,३६० मिलिग्रॅम, साडेतीन ग्रॅमच्या जवळ, आणि हा फक्त पहिल्या कोर्सचा पहिला भाग. काही महिन्यांत एकूण दोन ग्रॅमच्या वर गेलं की धोका वाढलेला मानतात. म्हणजे आज हातात असलेल्या १० मिलिग्रॅमच्या गोळीने हा खुबा घालवलेला नाही. घडायचं ते बहुधा पूर्वीच घडून गेलंय. ती गोळी फेकून खुब्याला फारसं काही मिळणार नाही. किडनीचा आजार मात्र तिसऱ्यांदा उलटू शकतो, आणि मग पुन्हा ६० मिलिग्रॅमवर जायची पाळी येईल. त्यांना नेमकी जी भीती वाटते, ती खरी व्हायचा हा रस्ता आहे.

किडनीच्या डॉक्टरांना विचारायचा प्रश्न वेगळा आहे: ‘आता एव्हीएन निघालंय. स्टेरॉइडचा डोस कमीत कमी ठेवून किंवा बंद करून दुसऱ्या औषधावर आजार धरून ठेवता येईल का?’ टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन, मायकोफेनोलेट, रिटुक्सिमॅब अशी औषधं यासाठी वापरली जातात. प्रत्येकाचे आपापले त्रास आणि खर्च आहेत. निवड त्यांचीच. पण एमआरआयचा रिपोर्ट त्यांच्या टेबलावर पोचला पाहिजे. तुमच्या पत्रात हाडांच्या दोन डॉक्टरांच्या भेटी आहेत. किडनीच्या डॉक्टरांना हे कळवल्याचा उल्लेख कुठेच नाही.

त्याच भेटीत आणखी एक गोष्ट सांगाच. सात महिने ‘दुखीच्या गोळ्या’ चालल्या असं तुम्ही सहज लिहिलंय. मला सगळ्या पत्रात जास्त धास्ती वाटली ती याच वाक्याची. डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या किडनीला त्रास देतात, आणि इथे किडनी आधीच आजारी. मेडिकलमधून आणलेली पाकिटं फेकू नका, सोबत न्या. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम त्यावरून कळतं) आणि लघवीची तपासणी करून घ्या. तोवर दुखलं तर पॅरासिटामॉल चालेल का, किती चालेल, ते किडनीच्या डॉक्टरांना फोन करून विचारा.

आता गुडघ्याकडे वळू. दुखणं खुब्याचं आणि तपासला गुडघा, हे आपल्याकडे इतकं होतं की त्याचं नवल राहिलेलं नाही. खुब्याच्या आणि गुडघ्याच्या नसा काही अंशी सामाईक आहेत, त्यामुळे खुब्यातली कळ मांडीतून खाली उतरते आणि माणूस गुडघ्यावर हात ठेवून ‘इथं दुखतंय’ म्हणतो. गुडघ्याचा एक्सरे नॉर्मल येणारच. ज्यांनी कधीही स्टेरॉइडचा मोठा कोर्स घेतलाय, त्यांच्या घरच्यांनी काही बारीकसारीक गोष्टींवर लक्ष ठेवावं. पंगतीत मांडी घालून बसणारा माणूस एक पाय लांब सोडून बसायला लागतो. मोटारसायकलवर टांग टाकताना थबकतो, गाडी कट्ट्याजवळ नेऊन मग बसतो. मोजे घालायला पलंगाचा आधार घेतो. डॉक्टरकडे उताणं झोपवून, गुडघा काटकोनात वाकवून पाऊल बाहेरच्या बाजूला फिरवलं की जांघेत कळ येते, ही दोन मिनिटांची तपासणी आहे. (घरी करून बघू नका.) यातलं काही असेल तर खुब्याचा एक्सरे काढा, आणि तो नॉर्मल आला तरी तिथे थांबू नका. पहिल्या पायरीत एक्सरे स्वच्छ असतो. ती पायरी पकडतो फक्त एमआरआय, आणि तोही दोन्ही बाजूंचा हवा, कारण स्टेरॉइडमुळे होणारं एव्हीएन बरेचदा दोन्हीकडे असतं. तुमच्या डावीकडचं असंच सापडलं, न दुखता. हे नशीब म्हणायचं.

पायऱ्यांचा अर्थही सांगते, कारण ‘दुसरी पायरी’ ऐकून तुम्ही घाबरलात असं दिसतं. पहिलीत एक्सरे स्वच्छ. दुसरीत एक्सरेत बदल दिसतात, पण चेंडू अजून गोल. तिसरीत मेलेल्या भागाचा वरचा थर खचू लागतो, एक्सरेत चंद्रकोरीसारखी रेघ दिसते, चेंडू चपटा होतो. चौथीत वाटीही झिजते. गंमत अशी की मेलेलं हाड लगेच खचत नाही. शरीर ते दुरुस्त करायला घेतं, आधी मेलेलं हाड काढतं, मग नवं घालतं, आणि या मधल्या काळात आधार कमकुवत होऊन वरचा भार पेलत नाही. म्हणून दुसरी आणि तिसरी यांच्यामधली रेघ सगळ्यात महत्त्वाची. तुमचे मिस्टर अजून तिच्या अलीकडे आहेत.

दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात याचा तुम्ही धसका घेतलाय. एकतर कुणीतरी चुकतंय, नाहीतर कुणालातरी ऑपरेशन विकायचंय, असा तुमचा सूर आहे. शक्य आहे. पण दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण पायरीइतकंच महत्त्व मेलेला भाग केवढा आहे आणि कुठे आहे याला असतं. चेंडूच्या १५ टक्क्यांपेक्षा लहान भाग असेल तर तो खचायची शक्यता कमी. ३० टक्क्यांच्या वर, आणि तोही भार पेलणाऱ्या वरच्या बाजूला असेल, तर बरेचदा खचतोच. तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टमध्ये हा आकडा नाही. तेव्हा दोघांकडे पुन्हा जा, रिपोर्टचा कागद नव्हे, एमआरआयच्या फिल्म किंवा सीडी घेऊन, आणि दोघांना एकच विचारा: किती टक्के, कुठे, आणि चेंडू खचायला लागल्याची काही खूण दिसते का? उत्तरं मिळाली की मतं बहुधा जवळ येतील. नाही आली तर खुब्याचीच ऑपरेशनं करणाऱ्या तिसऱ्या डॉक्टरांना दाखवा. कोल्हापुरात, मिरज-सांगलीत असे डॉक्टर आहेत, फिल्म बघून घेण्यासाठी पुण्या-मुंबईला पळायची गरज नाही.

ड्रिल म्हणजे काय? मांडीच्या बाजूने लहान छेद घेऊन हाडाच्या मानेतून मेलेल्या भागापर्यंत भोक पाडतात. आतला दाब उतरतो, नव्या रक्तवाहिन्यांना वाट मिळते, दुखणं बरेचदा कमी होतं. काही ठिकाणी रुग्णाचीच मज्जा काढून, घट्ट करून तिथे भरतात. नंतर साधारण सहा आठवडे त्या पायावर पूर्ण भार द्यायचा नाही, कुबड्या लागतात. खचण्यापूर्वी आणि भाग लहान असताना याचा उपयोग जास्त. खचल्यावर फारसा नाही. आणि योग्य वेळी केलं तरी सगळ्यांचा खुबा वाचतो असं नाही, काहींना पुढे सांधा बदलावा लागतोच. मी तुमच्या जागी असते तर उजवीकडचा भाग फार मोठा नसल्यास, किडनीच्या डॉक्टरांची हरकत नसल्यास, ड्रिल करून घेतलं असतं. हा माझा कल. फिल्म मी पाहिलेली नाही, तेव्हा याला निर्णय समजू नका. डावा लहान आणि न दुखणारा असेल तर तीन ते सहा महिन्यांनी तपासत राहणं पुरेसं ठरू शकतं, पण उजव्याच्या धांदलीत तो विसरला जाऊ नये.

गोळ्यांचं म्हणाल तर हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिलं जाणारं अ‍ॅलेंड्रोनेट काही डॉक्टर एव्हीएनमध्येही देतात. अभ्यासांचे निष्कर्ष उलटसुलट आहेत, आणि किडनीचं काम बघितल्याशिवाय ते घ्यायचं नाही. ‘इंजेक्शनने नवा चेंडू’ अशा जाहिराती येतात त्यांच्यापासून लांब राहा.

दिरांचं म्हणणं, आत्ताच बदलून टाका. शेजाऱ्यांचं, चाळिशीत बदललात तर दहा वर्षांत पुन्हा. दोन्ही टोकाची. चेंडू गोल आहे, दुखणं सोसण्यासारखं आहे, तोवर स्वतःचा सांधा कापून टाकायची घाई कशाला? उलट चेंडू खचला, रात्रीची झोप जायला लागली, तर केवळ वय ४२ म्हणून वर्षानुवर्षं लंगडत राहणंही शहाणपणाचं नाही. १९६२ च्या सुमारास इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी आजच्या धर्तीचा कृत्रिम खुबा रुळवला, तेव्हापासून ही शस्त्रक्रिया खूप पुढे आली आहे. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये बऱ्याच मोठ्या नोंदींवरून काढलेला हिशेब आला होता: बदललेले खुबे १५ वर्षांनी सुमारे ८९ टक्के, २५ वर्षांनी सुमारे ५८ टक्के शाबूत. तरुण, कष्टाचं काम करणाऱ्यांत ते थोडे लवकर झिजतात हे धरून चाला, तरी ‘दहा वर्षांत पुन्हा’ ही भीती अवाजवी आहे. एक अट मात्र पाळा. किडनीचा आजार जोरात असताना, अंगावर सूज असताना, रक्तातलं अल्ब्युमिन कमी असताना असं मोठं ऑपरेशन टाळलेलं बरं. जंतुसंसर्गाचा आणि रक्त गोठण्याचा धोका वाढतो. कृत्रिम सांध्यात जंतू शिरले तर निस्तरणं फार अवघड. खुब्यासाठी किडनीची गोळी नीट घ्यायची, हे उलटं वाटतं, पण आहे असंच.

आता ती बोच.

तुम्ही ‘विष’ असं लिहिलंय. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका तरुण बाईला कॉर्टिझोन दिलं आणि ती काही दिवसांत उठून चालू लागली. दोन वर्षांत त्याला नोबेल मिळालं. दुष्परिणामही पुढच्या काही वर्षांतच कळू लागले, आणि गेली सत्तर वर्षं डॉक्टर आणि रुग्ण या औषधाशी घासाघीस करत आलेत. नेफ्रोटिक सिंड्रोम उपचारांविना राहिला तर नुसती सूज राहत नाही. रक्ताच्या गाठी होतात, त्या फुप्फुसात जाऊ शकतात, जंतुसंसर्ग होतो, किडनी निकामी होऊ शकते. तुमच्या हट्टाने त्यांना हे सगळं टळलं. दवाखान्यात नेलं नसतं तर खुबा वाचला असता, हे सासूबाईंचं गणित या सगळ्याचा खर्च शून्य धरून मांडलंय. आणि गावठी औषध म्हणजे बिनस्टेरॉइडचं, ही खात्री कुणी दिली? जोडदुखीवरच्या, दम्यावरच्या बिनलेबलच्या पुड्यांमध्ये कुटलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या सापडल्याची उदाहरणं आहेत. तिथे तर डोसच माहीत नसतो.

स्टेरॉइड घेणाऱ्या बहुतेकांना एव्हीएन होत नाही. कुणाला होईल हे आधी सांगता येत नाही. मोठा डोस, सोबत दारू, बिडी-सिगारेट, ल्युपससारखे आजार, यांनी धोका वाढतो. तुमच्या पत्रात दारूबद्दल अवाक्षर नाही. नसेल तर उत्तम. असेल तर आजपासून बंद, कारण दारू एकटीही हाच आजार करते.

तुमच्या रागाला एक जागा आहे, आणि ती मला खरी वाटते. ६० मिलिग्रॅमची चिठ्ठी लिहिताना कुणीतरी एवढं वाक्य बोलायला हवं होतं: ‘जांघेत किंवा खुब्यात दुखलं तर लगेच या.’ ते सात महिने वाचले असते. ओपीडीत गर्दी असते, हे मला सांगायची गरज नाही, रोज बघते. तरी ते वाक्य बोलायला हवं होतं. पुढच्या भेटीत हे डॉक्टरांना शांतपणे सांगा. भांडायला नको, पण सांगा.

सासूबाईंना युक्तिवाद नको आहेत, त्यांना काहीतरी करायला हवंय. रविवारी पायाचं सूप उकळून पोराला पाजतात असं लिहिलंय, ते त्यातलंच. सुपाने खुब्यातलं रक्त वाढत नाही, आणि नेफ्रोटिकच्या माणसाला मीठ आणि तवंग दोन्ही बेताने हवेत. त्यांना डॉक्टरकडे सोबत न्या. एमआरआयच्या फिल्मवर डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलेलं त्यांना तुमच्या तोंडून ऐकलेल्यापेक्षा लवकर पटेल. मग जेवणात मीठ मोजून घालायची जबाबदारी त्यांच्याकडेच द्या.

आणि मिस्टर? पत्रात सगळे बोलतात, तुम्ही, सासूबाई, दीर, शेजारी, दोन डॉक्टर. त्यांचं स्वतःचं वाक्य एकही नाही. त्यांना काय हवंय ते विचारलंत का? लेथवर दिवसभर उभा राहणारा माणूस, आपलं काम सुटणार का या भीतीत असणार. बाकी काहीच हातात नाही, गोळी तेवढी हातात आहे, म्हणून ती सोडली, असंही असेल. कोणत्या ऑपरेशनला हो म्हणायचं हे शेवटी त्यांनी ठरवायचंय. तुम्ही फाईल सांभाळा, प्रश्न लिहून द्या, पण डॉक्टरांसमोर विचारू दे त्यांनाच.

कामाचं थोडं व्यवहाराचं. कारखान्यात लपवू नका. मशीनजवळ उंच स्टूल, जड जॉब उचलायला दुसरा माणूस, शक्य असेल तर तपासणीच्या टेबलावर बदली, हे मागता येतं. ते ईएसआयसीत, म्हणजे कामगार विमा योजनेत, असतील तर उपचाराबरोबरच, हजेरीच्या आणि वर्गणीच्या अटी पूर्ण असल्यास, आजारपणाच्या रजेत पगाराच्या ७० टक्के भत्ता वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतो. ड्रिलनंतरचे सहा आठवडे त्यात बसतात. नसतील तर सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात किंवा योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटा आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ही प्रक्रिया बसते का ते विचारा, खाजगी दवाखान्याला हो म्हणण्याआधी.

घरी: खाली मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं बंद. संडासात कमोड किंवा कमोडची खुर्ची. काठी घ्यायची ती डाव्या हातात, कारण उजवा खुबा दुखतोय. बरेच जण दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि मग काठीचा काही उपयोग नाही म्हणून कोपऱ्यात ठेवतात. विरुद्ध हातातली काठी खुब्यावरचा भार खरंच उतरवते. खुबा चोळून, ओढून, ‘बसवून’ घ्यायचा नाही, कुणी कितीही नावाजलेला असो. आणि चैत्रात ज्योतिबाला चालत जायचा नवस बोललेत म्हणता, तो देव समजून घेईल. गाडीने जा, आणि वर पायऱ्यांपाशी त्यांना बसवून तुम्ही दर्शन घेऊन या.

हे वाचून दम्याचा पंप बंद करायला निघालेल्या वाचकांनो, थांबा. पंपातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग, आणि तो थेट फुप्फुसात जातो. त्याने खुब्याला धोका फारच कमी, पंप सोडला तर दम्याचा धोका नक्की. त्वचेवर पट्टीभर मलम लावणाऱ्यांनीही घाबरायचं कारण नाही, मात्र ते महिनोन्‌महिने मनाने लावत राहण्याचे दुसरे त्रास आहेत. कोविडमध्ये ज्यांना डेक्सामेथासोन मिळालं, त्यांचा नेहमीचा डोस रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस असा होता. प्रेडनिसोलोनच्या हिशेबात तो एकूण सुमारे ४०० मिलिग्रॅम भरतो. काहींना त्याहून बराच जास्त दिला गेला. त्यांच्या जांघेत दुखत असेल तर तपासून घ्यावं. तालमीत, जिममध्ये घेतली जाणारी इंजेक्शनं ही वेगळ्या जातीची स्टेरॉइड आहेत, त्यांचे घोटाळे वेगळे. तुमच्या गल्लीत कुणी मिस्टरांबद्दल तसं कुजबुजत असेल तर त्यांना हे कात्रण दाखवा.

शेवटचं एक काम आज संध्याकाळी करा. एका पुठ्ठ्यावर लिहा: नाव, ‘नेफ्रोटिक सिंड्रोम, प्रेडनिसोलोन रोज १० मिलिग्रॅम, अडीच वर्षांत दोन मोठे कोर्स’, किडनीच्या डॉक्टरांचा नंबर. ते त्यांच्या पाकिटात राहू दे. दात काढायचा असो, ड्रिल असो की सांधा बदलायचा, भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते आधी दाखवायचं, कारण अशा रुग्णांना ऑपरेशनच्या वेळी बहुधा स्टेरॉइडचा जादा डोस द्यावा लागतो. उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल, अंगात ताप असून ते गळून पडले असतील, तर घरी लिंबूपाणी देत बसू नका. कॅज्युअल्टीत न्या आणि नाव सांगायच्या आधी हे सांगा, की पेशंट रोज स्टेरॉइडवर आहे.